तुझं पहिलं बंगाली वाक्य

दादा,

काल गडियाहाटच्या बाजारात कुणीतरी मागून 'दादा' अशी हाक मारली आणि मी वळून बघितलं. या कलकत्त्यात त्या हाकेला वळायचं म्हटलं तर मान मोडून हातात येईल. भाजीवाला दादा, ट्रामचा कंडक्टर दादा, रिक्षावाला दादा. मी नवीन आले तेव्हा तुला रस्त्यात हाक मारली की पाच जण थांबायचे आणि तू तेवढा पुढे चालत राहायचास. तुझं लक्ष कुणाच्या तरी गॅलरीच्या कठड्याकडे असायचं, तो कसा वाकडा बसवलाय ते बघण्यात. काल मी वळले आणि मग कांद्याच्या ढिगात हात घालून नुसती उभी राहिले. भाजीवाल्याने विचारलं, दिदि, किती देऊ. मला किती ते सांगता येईना.

लोक भेटायला येतात. तुझे ऑफिसातले घोषबाबू दोनदा येऊन गेले. आपली इथली मराठी मंडळी जमली होती, त्यांनी तुझ्याबद्दल चार शब्द बोलायचं म्हणून सतरा शब्द बोलून दाखवले. सगळ्यांचं म्हणणं एकच, एक रेघ इकडची तिकडे होऊ द्यायचा नाही, असा माणूस होणे नाही. मी मान हलवत बसले, पण आतून मला रागच येत होता. त्या रेघेपायी तू काय सोसलंस ते त्यांना कुठून ठाऊक असणार. आणि त्यात माझा वाटा किती होता, हे मला ठाऊक आहे. तुला ठाऊक होतं का, एवढंच मला कळायला हवंय. तीन आठवडे झाले, मी तेवढा एकच प्रश्न घेऊन घरभर फिरते आहे.

तात्यांचा अंगठा तू विसरलास असं कधी झालंच नाही, तेव्हा आठवण काय करून देऊ. साताऱ्याला शाळेतून आले, टोपी खुंटीला लावली, की ओसरीवर तुझी पाटी बघायला बसायचे. गावाचे हेडमास्तर, आणि घरात शिरले तरी आधी हेडमास्तर, मग वडील. हात उगारत नसत, आवाजही चढवत नसत. तू लिहिलेली ओळ डोळ्यांजवळ धरून बघायचे, अंगठा जिभेला लावायचे आणि ती ओळ पुसून टाकायचे. मग एकच शब्द. "पुन्हा." तू पाटी उचलून कोपऱ्यात जायचास. कधी चार वेळा, कधी नऊ वेळा. मी दारातून मोजत असायचे.

तो शब्द मी उचलला. घसा खाकरून, 'पु'वर किंचित थांबून मी तो हुबेहूब तात्यांसारखा म्हणायचे, आणि शेजारच्या बायका मला मुद्दाम म्हणायला लावायच्या. तू पतंग चिकटवलास की मी दारातून म्हणायचे, पुन्हा. तू भांग पाडलास की पुन्हा. सगळे हसायचे. तूही हसायचास, आणि आत जाऊन भांग खरोखरच पुन्हा पाडून यायचास. ते बघून मला आणखी हसू यायचं. मी सहा-सात वर्षांची होते, एवढीच माझी बाजू. पण मी पुढे सव्वीस वर्षांची झाले तरी ती खोड सुटली नाही, त्याला काय बाजू आहे?

तात्या गेल्यावर मी कलकत्त्याला तुझ्याकडे आले, बालीगंजच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागले, आणि तो शब्द माझ्या ट्रंकेतून इथे आला. तेव्हा तू हावड्याच्या कारखान्यात नकाशे काढायचास. सकाळी डबा घेऊन ट्रामने पूल ओलांडायचा, दिवसभर त्या मेणचट कापडावर क्रेनच्या दांड्या नाहीतर बॉयलरची झाकणं शाईने उतरवायची. कापडाला पाण्याचा थेंब लागला की तिथे पांढरा डाग पडतो, हे तू मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस. या गावातल्या घामात ते कापड कोरडं ठेवायचं म्हणजे काय, ते तुलाच माहीत. मनगटाखाली घडी घातलेला रुमाल, कपाळाला दुसरा रुमाल, खिशात तिसरा. मी धोब्याला सांगायचे, आमच्याकडे एकच माणूस आहे पण रुमाल बारा जणांचे.

मुली सांगून यायच्या त्यांच्यातही तू काहीतरी काढायचास. मी म्हणायचे, तुला बायको नकोच आहे, तुला कापडावर उतरवलेली बाई हवी आहे. तू हसून मला चहा करायला पिटाळायचास.

आणि तुझं बंगाली. माझ्या आधीची तीन वर्षं आणि नंतरची सहा, इतक्या काळात तू बंगालीचं एक वाक्य उच्चारलं नाहीस. कळायचं सगळं. ऑफिसातल्या लोकांचे विनोद घरी येऊन मला मराठीत सांगायचास. पण क्रियापदं पक्की झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा तुझा नेम. ऑफिसात इंग्रजीवर भागवायचास आणि बाजारात बोटाने वांगी दाखवायचास. मी म्हटलं, अरे, तो भाजीवाला तुला मुका समजतो. तू म्हणालास, समजू दे, चुकीचं बोलणारा समजण्यापेक्षा ते बरं.

आता त्या रविवारबद्दल लिहायला हवं. इतके दिवस मी हे कुणाजवळ बोललेले नाही, तुझ्याजवळही नाही.

सोमवारी द्यायचा मोठा नकाशा तू घरी आणला होतास. अकरा दिवस त्याच्यावर बसला होतास. चैत्रातली दुपार होती, पंख्याने कागद उडतात म्हणून पंखा बंद. मी चहा घेऊन आले तेव्हा तू पेन खाली ठेवून मागे रेललेला होतास, डोळे मिटून. तुझा चेहरा मी तितका निवांत फार क्वचित पाहिला होता. नकाशा पुरा झाला होता, कोपऱ्यातली नावाची चौकटसुद्धा. आणि मी कप ठेवला, घसा खाकरला, आणि तात्यांच्या आवाजात म्हटलं, "पुन्हा."

तू हसलास. मग कोपऱ्यातल्या अक्षरांकडे बघितलंस. मग ब्लेड उचललंस. एक अक्षर खरवडलंस, तिथे नखाने घासून नवं काढलंस. ते बाकीच्यांशी जुळेना, म्हणून शेजारचं खरवडलंस. मी म्हटलं, दादा, मी गंमत करत होते, चहा गार होतोय. तू म्हणालास, नाही, बरोबर बोललीस. पाच वाजायच्या सुमाराला कापडाला भोक पडलं. तू त्या भोकात बोट घालून बराच वेळ बसून राहिलास, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच तांदूळ निवडत बसले.

दुसऱ्या दिवशीपासून तुझा हात चालेना. चहाचा कप धरायचा, सदऱ्याची बटणं लावायचा, फक्त शाईचं पेन कापडाच्या वर एक बोटभर येऊन थांबायचं. खाली टेकतच नव्हतं. डॉक्टरांनी नसा तपासल्या, हाडं तपासली, काही निघालं नाही. मी नारायण तेलाने चोळून दिलं, शेक दिला. ऑफिसने तुला जुन्या नकाशांच्या यादीवर बसवलं, आणि घोषबाबूंनी तुला त्या मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. मी कशी उसळले होते, तुला आठवत असेल. आमच्या घराण्यात कुणी वेडं नाही, म्हणाले. तू म्हणालास, हातच वेडा झालाय शकू, त्याला तरी नेऊ दे.

भवानीपूरच्या त्या तळमजल्यावरच्या खोलीचं वर्णन मी तुझ्याकडून इतक्या वेळा ऐकलं की मी तिथे गेले नसतानाही मला ती दिसायची. बागेकडे तोंड केलेली आरामखुर्ची, आणि डॉक्टर सान्याल तिच्या मागे बसलेले, दिसणार नाहीत असे. मनात येईल ते बोलायचं, काही गाळायचं नाही, एवढाच नियम. मी विचारलं, मग ते औषध काय देतात? तू म्हणालास, काही नाही, मीच बोलतो. मी म्हटलं, मग घरी का नाही बोलत, मी तर फुकट ऐकते. पहिले आठ दिवस तर तू बोललाच नाहीस. मनात येणारं वाक्य आधी नीट लावायचं आणि मग बोलायचं, अशी तुझी तिथेही तयारी चालायची, आणि तोवर वेळ संपायची.

मग तो दिवस. तू घरी आलास तो पायरीवरूनच हसत आलास. डॉक्टर तुझ्याशी इंग्रजीत बोलायचे, पण त्या दिवशी तू फारच घुटमळलास म्हणून त्यांच्या तोंडून आपली भाषा निघाली. ते हळूच म्हणाले, "चेष्टा कोरबेन ना." बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. प्रयत्न करू नका, येईल तसं येऊ द्या, असं ते सांगत होते. तुला बंगाली कळायचं, हा शब्दही तू ऑफिसात शंभरदा ऐकलेला. पण त्या खुर्चीत तुला तो मराठी ऐकू आला. तुला वाटलं, डॉक्टर म्हणतायत, माझी टिंगल करू नका. तू घाबरून ताडकन उठून बसलास आणि त्यांना बरं वाटावं म्हणून त्यांच्याच भाषेत म्हणालास, "आमि चेष्टा कोरि ना!"

मी प्रयत्न करत नाही. अकरा दिवस एका कोपऱ्यावर बसणारा माणूस हे म्हणतोय. नऊ वर्षांत उच्चारलेलं तुझं पहिलं बंगाली वाक्य, आणि ते असं.

आपण दोघं किती हसलो त्या दिवशी. मी पदराने डोळे पुसत होते. तू म्हणालास, डॉक्टर नाही हसले. त्यांनी मराठीतला अर्थ विचारून घेतला. मग म्हणाले, म्हणजे तुमच्याकडे प्रयत्न आणि टवाळी यांना एकच शब्द आहे. तू म्हणालास, मराठीत नाही, माझ्याकडे आहे. हे बोललो आणि मलाच कसंतरी झालं, असं तू मला सांगितलंस. मी अजून हसतच होते.

"मग त्यांनी विचारलं, तुमची चेष्टा कोण करतं?"

"मग तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, माझी धाकटी बहीण."

तू ते सहज म्हणालास. आज मला कळतं, तू ते प्रेमानेच म्हणाला असशील. पण त्या क्षणी मला तो रविवार दिसला, ते भोक दिसलं, आणि वाटलं, सांगितलंन याने. परक्या माणसासमोर मला उभं केलंन. मी जे बोलायला नको ते सगळं बोलले. इथे तुझ्यासाठी राबते ती मी, आणि चहाडी माझी. तो डॉक्टर तुला तुझ्या माणसांपासून तोडतोय. तू मधे बोलायला गेलास, "शकू, ऐक. तू म्हणतेस ते 'पुन्हा' मला चालतं. ते बाहेरून येतं, त्याला तोंड आहे. माझ्या आत जो म्हणतो ना, तो हसत नाही."

मी म्हटलं, मग आता मीही नाही म्हणणार. कधीच. आणि मी शब्द पाळला. पाळायला नको होता तो.

तुझा हात हळूहळू चालायला लागला, ते मी बघत होते. तुला जे उमगत जायचं ते तू मला सांगायला यायचास, आणि मी पोळ्या लाटत पाठमोरी ऐकायचे. तू म्हणायचास, माझ्यात दोन माणसं आहेत, एक काढतो आणि दुसरा अंगठा ओला करून बसलेला असतो. त्या दुसऱ्याला हाकलायचं नाही म्हणतात डॉक्टर, त्याला बसवून घ्यायचं आणि विचारायचं, बाबा रे, तुला भीती कसली वाटते. एकदा म्हणालास, "तो अंगठा आता माझाच आहे, शकू. तात्यांचा तर कृष्णेकाठी जळून गेला." मी लाटणं थांबवलं नाही.

आणि मग तो वाद, जो आपला तसाच राहिला. तू म्हणालास, तात्या घाबरायचे गं. शाळा तपासायला साहेब यायचे असले की आदल्या दिवशी जेवायचे नाहीत. आपलं काही कमी दिसलं तर, ही धास्ती. तीच ते माझ्या पाटीवर पुसायचे. मी म्हटलं, तात्या कुणाच्या बापाला घाबरत नव्हते. तू म्हणालास, तुला नसेल दिसलं, तुझी पाटी ते कुठे पुसायचे. मी म्हटलं, कारण माझी पाटी चांगली असायची. तू काहीतरी बोलणार होतास आणि थांबलास. काय बोलणार होतास ते आता मला कळलंय. ते पुढे लिहिते, मला जरा वेळ लागेल.

तू बाजारात बोलायला लागलास. काय ते बंगाली! क्रियापदं कुठच्या कुठे, अर्धं मराठी, अर्धं ऑफिसातलं इंग्रजी. तो भाजीवाला पोट धरून हसायचा आणि तूही त्याच्याबरोबर हसायचास, आणि वर दोन कच्ची केळी जास्त घेऊन यायचास. इतकं मोकळं मी तुला आयुष्यात पाहिलं नव्हतं. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. मला वाटायचं, हा मला वगळून बरा झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

दीड वर्ष मी तुझी एकदाही चेष्टा केली नाही. घरात आपण दोघं किती सभ्य झालो होतो. श्रावणातल्या त्या रविवारी तू पुन्हा नकाशा घरी आणलास. हात सुटल्यावरचा तुझा पहिला मोठा नकाशा. संध्याकाळी पेन खाली ठेवलंस आणि मला हाक मारलीस. कोपऱ्यातल्या चौकटीत एक अक्षर जरासं पुढे सरकलं होतं. मला ते लगेच दिसलं, आणि मला दिसलं हे तुलाही दिसलं. तू ब्लेड उचललं नव्हतंस. तू माझ्याकडे बघत होतास, डोळ्यांत अगदी लहानपणीचं हसू.

"काही म्हणणार नाहीस?"

तू तो शब्द मागत होतास, दादा. तुला तो माझ्या तोंडून ऐकायचा होता, ऐकून हसायचं होतं, आणि ते अक्षर तसंच ठेवून नकाशा गुंडाळायचा होता. दीड वर्ष त्या खुर्चीत बसून जे मिळवलंस ते मला दाखवायचं होतं. मला हे तेव्हाच कळलं होतं. आणि मी म्हणाले, "छान आहे."

तू म्हणालास, बरं. नकाशा गुंडाळलास. दहा दिवसांनी तुला ताप भरला, आणि त्या पाच दिवसांत तू जे बोललास त्यात माझं नाव होतं, तात्यांचं होतं, कुठल्याशा बॉयलरचं होतं. 'पुन्हा' नव्हतं. मी कान देऊन ऐकत होते.

घोषबाबूंनी तो नकाशा मला बघायला आणून दिला. ते अक्षर अजून पुढेच आहे. मी दार लावून घेतलं, त्याच्यासमोर उभी राहिले आणि घसा खाकरला. मला म्हणता आलं नाही.

म्हणून परवा मी डॉक्टर सान्यालांकडे गेले. खोली तू सांगितलीस तशीच आहे, फक्त बागेत गवत फार वाढलंय. डॉक्टर म्हातारे आहेत, हे तू कधी सांगितलं नाहीस. मी आरामखुर्चीत बसले नाही, लाकडी खुर्ची ओढून समोर बसले आणि सरळ विचारलं, माझ्या भावाने तुम्हाला एका रविवारबद्दल काही सांगितलं होतं का. ते म्हणाले, त्याने इथे जे सांगितलं ते इथेच राहील, माझ्याबरोबर जाईल. मला ठाऊक होतं ते असंच म्हणणार. मग म्हणाले, तुम्हाला काय सांगायचंय?

आणि मी सांगायला लागले. रविवारचं सांगायला गेले आणि तोंडून निघाली माझी पाटी. तात्यांनी माझी पाटी कधीच पुसली नाही. एकदा बघायचे आणि बाजूला ठेवून म्हणायचे, चालेल. रोज चालेल. वाकडं काढलं तरी चालेल, मुद्दाम चुकवलं तरी चालेल. मी मुद्दाम चुकवायचे, दादा, सात वर्षांची असताना, आणि तरीही चालेल. मुलीच्या पाटीत त्यांना काही बघायचंच नव्हतं. तू नऊ वेळा कोपऱ्यात जायचास आणि मी दारात उभी राहून मोजायचे, ते मला तुझी कीव यायची म्हणून नव्हे. मला ते हवं होतं. मिळालं नाही म्हणून मी तो शब्द चोरला आणि जन्मभर तुझ्यावर चालवला. तू त्या दिवशी हेच बोलणार होतास ना? तुला हे माझ्या आधी कळलं होतं, आणि मला लागेल म्हणून तू थांबलास.

एवढं सांगून झालं आणि मला रडू फुटलं. परक्या माणसासमोर रडायचं नाही म्हणून मी ओठ दाबून धरले, पदर तोंडात कोंबला. डॉक्टर पुढे वाकले आणि त्यांच्या भाषेत म्हणाले, "थामाबार चेष्टा कोरो ना, मा."

माझं बंगाली तुझ्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे. रोज वर्गात चाळीस मुली माझ्याशी त्याच भाषेत भांडतात. रडू थांबवायचा प्रयत्न करू नकोस, असं ते सांगत होते, हे मला स्वच्छ कळलं. तरीही ऐकू आला तो आपलाच शब्द.

"आता कुणाची करू?" मी म्हणाले.

डॉक्टरांनी 'अँ?' केलं. त्या खोलीत मराठी कळणारं दुसरं कुणी नव्हतं.